सगळ्यात महाग बंगल्यातली बिंदगी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची बिंदगी आहे. पुण्याकडची माणसं मला कळशी म्हणतील, खुशाल म्हणोत. पण बेळगावात आजवर विकल्या गेलेल्या सगळ्यात महाग बंगल्यात आधी कोण शिरलं असं विचाराल, तर मी. मला पाय नाहीत ही गोष्ट वेगळी.

सदलग्याच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. सोनुबाईच्या आईनं मला लेकीच्या रुखवतावर मांडलं आणि मी तिच्याबरोबर कंग्राळीला आले. विहिरीवरून घरी येताना तिच्या कमरेवर बसून मी काय मिरवत असे म्हणून सांगू! ती मला चिंचेनं घासायची आणि मी लखलखायचे. पुढे घरात नळ आला, भिंतीवर फिल्टर बसला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. अंगावर हिरवे डाग चढले, कुणीतरी पोटात जुन्या वायरी कोंबल्या. फार वाईट वाटायचं मला.

मला खाली काढलं ते सोनुबाईच्या सुनेनं, नीलमनं. ती बेळगावात घरं विकून द्यायचं काम करू लागली होती. आमच्याकडे नव्या घरात रिकाम्या हातानं शिरत नाहीत. आधी भरलेली बिंदगी आत जाते. नीलमनं त्याला आपली एक अट जोडली. बिंदगी भरायची ती त्याच घरच्या पाण्यानं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत आणि विसार देण्याआधी. लोक हसले, तिला ‘बिंदगीवाली आक्का’ म्हणून चिडवू लागले. मग तेच लोक विचारू लागले, “आक्कानं बिंदगी भरली काय? मग डोळं झाकून घ्या.”

अशात महादेवशेठांनी बेळगुंदीच्या वाटेवर बंगला बांधला. लिफ्ट, पोहायचा तलाव, घरातच सिनेमा, पुढे हिरवीगार लॉन. तो घेणार होत्या निपाणीच्या डॉक्टर प्रियदर्शनी. त्यांची आई मालुबाई एके काळी तंबाखूच्या वखारीत मजुरीला जायची. आता लेकीचं स्वतःचं हॉस्पिटल होतं. भाव असा ठरला की सगळ्या बाजारात त्याचीच चर्चा. या व्यवहाराच्या दलालीतून नीलमला स्वतःचं ऑफिस घ्यायचं होतं. जागासुद्धा तिनं बघून ठेवली होती.

विसाराच्या दिवशी महादेवशेठ फाटकातच आडवे आले. “आक्का, आज बिंदगी गाडीतच राहू दे की. मोठी माणसं हैत, बरं दिसत न्हाय.”

नीलमनं मला गाडीतून काढून कमरेवर घेतलं. तिनं जाऊन बोअरचं बटण दाबलं. मोटर घरघरली, पण पाइपातून नुसती हवा आली. फाटकाजवळ मोठ्या चाकांच्या ओल्या खुणा होत्या.

“टाकी टँकरनं भरलीया न्हवं, शेठ?”

“उन्हाळा हाय आक्का, एवढं चालतंय. माझा बंगला जातोय, तुमचं ऑफिस हुतंय. कशाला खोलात शिरायचं?”

मी रिकामीच तिच्या कमरेवर होते.  तेवढ्यात डॉक्टरबाईंची गाडी आत आली. नीलम सरळ पुढे गेली आणि म्हणाली, “मॅडम, या घराला स्वतःचं पाणी न्हाय. आज विसार देऊ नका.”

शेठांचं तोंड एवढंसं झालं. नीलम त्यांच्याकडे वळली. “हितं आधी शेत हुतं. मग हीर कुठं गेली?”

विहिरीचं नाव निघताच शेठांनी लॉनकडे बोट केलं. “स्लॅब घालून झाकलीया. दारात हीर कुणाला आवडंल, असं वाटलं.”

“ती उघडा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाणी लागलं तर बोलू. तोवर मी दुसरं घर बघत नाही.”

लॉन उखडली, स्लॅब फुटला, गाळ उपसला. ऐन मे महिन्यात विहिरीचे झरे मोकळे झाले आणि कठडा नव्यानं बांधून झाला. मग पुन्हा विसाराचा दिवस आला. नीलम मला दोर बांधत होती, तेव्हा लेकीबरोबर आलेल्या मालुबाईनं माझ्या काठावर हात ठेवला.

“मी भरू?”

“तुमचंच घर हाय, मावशी.”

“आमच्या ल्हानपणी बिंदगीला हात लावू देत नव्हते गं,” मालुबाई म्हणाली. “लांबनं ओंजळीत पाणी वतायचे.”

तिनं मला विहिरीत सोडलं, काठोकाठ भरून वर ओढलं, कमरेवर घेतलं आणि थोरल्या दारानं आत गेली. लेक मागे, शेठ मागे, डोळे पुसत नीलमही मागे. आजवर पुष्कळांनी मला उचललं, पण एवढ्या हळू मला कुणीच नेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बंगल्याचा भाव आला, लिफ्ट आली, तलाव आला. माझं नाव आलं नाही. न येवो. आता मी नीलमच्या नव्या ऑफिसात टेबलावर असते, भरलेली, लखलखीत.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल. तिला खाली काढा, चिंचेनं घासा. भरण्याआधी पाणी कुठलं ते विचारा. आणि कुणी जवळ येऊन “मी भरू?” असं विचारलं, तर दोर त्यांच्या हातात द्या.