जागच्या जागी

मुलांनो, असं समजा की तुमच्या गावात लोखंडाचं एक कपाट आहे, तुमच्या बाबांहूनही उंच. त्यातले खालचे दोन कप्पे तुमचे. आत वाघ आहेत, भुतं आहेत, एक वाट चुकलेली होडी आहे, आणि सगळं मराठीत. आलं डोळ्यांपुढं? आता त्या कपाटाकडं दर शनिवारी जाणाऱ्या तेजस्वीची गोष्ट ऐका.

सीमाभागात, काकतीच्या पलीकडच्या एका गावातली ही पोर. शाळा इंग्रजी, गल्लीत कन्नड. मराठी वाचायला शिकवलं ते आज्जीनं, म्हणजे मालुबाईंनी. त्यांनी तीस वर्षं बालवाडी चालवलेली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तेजस्वीला आणि तिच्या धाकट्या भावाला, समर्थला घेऊन, वाटेत आणखी चार पोरं गोळा करत त्या वाचनालयातल्या या कपाटाशी जायच्या. ज्यानं त्यानं आपलं पुस्तक आपणच निवडायचं, तिथंच जमिनीवर बसून वाचायचं आणि उठताना जागच्या जागी ठेवायचं. "घरी न्हेलं तर दुसऱ्या पोरांनी काय वाचायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या शनिवारी तेजस्वीची होडीची गोष्ट निम्मीच राहिली. तिनं आज्जीचं बसचं झिरो तिकीट, बायकांना फुकट मिळतं ते, खुणेला पानात घातलं, आणि होडी काठाला लागली असेल का, म्हणून आठवडाभर घरच्यांचं डोकं खाल्लं.

या शनिवारी कपाट उघडंच होतं. खालचे दोन्ही कप्पे रिकामे.

"आज्जी, वाघ कुठं गेलं गं?" समर्थनं विचारलं.

वाचनालय सांभाळणारा सिद्राम टेबलामागून उठून उभा राहिला. हाही मालुबाईंच्याच बालवाडीतला.

"बाई, काल टेम्पो आलता. रद्दीत गेली."

"रद्दीत? एवढी चांगली पुस्तकं?"

"वरनं पत्र आलतं. तीन वर्सांत जे कुणी न्हेलं न्हाय, ते काढून टाका म्हणून. आता तितं नोकरीच्या परीक्षेची पुस्तकं येणार."

"अरं, दर शनिवारी माझी सा पोरं हितं वाचत बसत्यात. तुझ्या डोळ्यांदेखत!"

"व्हय की. पर वाचल्यालं रजिस्टरात येत न्हाय, बाई. न्हेल्यालं येतंय."

त्यानं रजिस्टर त्यांच्यापुढं फिरवलं. मालुबाईंनी चष्मा लावला. एकाही पोराचं नाव नव्हतं, नुसत्या रेघा. पुस्तक घरी न्यायचं नाही हे त्यांनीच शिकवलं होतं, जीव ओतून; ही कोरी पानं त्याचीच.

"मग मला सांगायचंस तरी, रं."

"तुमास्नी मी काय सांगणार? जागच्या जागी ठेवायचं, हे मलाबी तुमीच शिकिवलंय."

बोलताना त्यानं ड्रॉवर ओढला. "हे एक तेवढं मागं ठेवलंय. तिकीट दिसलं म्हणून."

तेजस्वीनं झडपच घातली.

"तेजू, आज हे घरी न्यायचं," मालुबाई म्हणाल्या. "सिद्राम, लिही नाव. आत्ता लिही."

सिद्रामनं पेन उघडलं. तेजस्वीनं तिकिटाचं पान काढलं, एक ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. तिनं दाराकडं बघितलं. बाकीची पोरं अजून चपला काढत होती. मग ती कपाटाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि रिकाम्या कप्प्यात ते पुस्तक उभं करून ठेवलं. टेकायला शेजारी काहीच नव्हतं, ते पडलं. तिनं ते पुन्हा उभं केलं.