सरूबाईचं मत

१९२५ साली दिल्लीच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली, तेव्हा आमच्या अख्ख्या मावळ तालुक्यात मतदार होते तीन. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. यादी मी स्वतःच्या हातानं लिहिली होती. मी वडगावच्या कचेरीत अव्वल कारकून होतो, आणि मामलेदारसाहेब नेमके हिवतापानं आडवे झाल्यामुळे मतदान घ्यायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं होतं.

कौन्सिल ऑफ स्टेट असं त्या सभागृहाचं नाव. सभासद साठ. त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त निवडून यायचे आणि उरलेले सरकार आपल्या मर्जीनं नेमायचं. निवडून देणाराही ऐरागैरा चालत नसे. हजारोंनी सारा नाहीतर जबरदस्त इन्कमटॅक्स भरणारा हवा, किंवा सरकारनं विद्वान म्हणून मोठी पदवी दिलेला तरी हवा. आमच्या तिघांतले एक मुंबईचे गिरणीमालक, त्यांचा तुंगार्लीला बंगला. एका मतासाठी घाट चढून येणार नाही, असं त्यांनी कळवून टाकलं. दुसरे एक इनामदार. ते वैशाखातच वारले होते, पण सरकारी यादीत माणूस मरायला वेळ लागतो. तिसरे तळेगावचे महामहोपाध्याय चिंतामणीशास्त्री. त्यांच्या घरात दोन वेळच्या भातापलीकडे फारसं काही नव्हतं, पण पदवी होती, म्हणून मत होतं.

शास्त्रीबुवांकडे मी लहानपणी व्याकरण शिकलो. एक रूप चुकलं की कान पिरगळायचे. आता मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते, पण कान पिरगळायला डोळे लागत नाहीत, म्हणून मी अजून जरा लांबच बसत असे.

मतदानाची नोटीस द्यायला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दारात मोटार उभी. एका उमेदवाराचा माणूस पुण्याहून आला होता. ओसरीवर टाकव्याची सरूबाई तांदूळ मोजून देत होती. ती वीस वर्षं त्या घरी तांदूळ घालायची. तिच्या समोरच तो माणूस हात जोडून शास्त्रीबुवांना सांगत होता, "आपल्या मताला दिल्लीत फार किंमत आहे, महाराज. एकेक मत तिथं मोजलं जातं." शास्त्रीबुवांनी त्याला ताक पाजलं आणि काहीही कबूल न करता वाटेला लावलं.

मोटारीचा धुरळा बसल्यावर सरूबाईनं पायली खाली ठेवली. "शास्त्रीबुवा, तुमचं मत दिल्लीला जानार व्हय?"

"जाणार म्हणतात."

"मंग त्यात माजं बी घाला की. माजं मत असं हाय, टाकव्याच्या नदीला साकव पायजे."

मी हसलो. हसायला नको होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. टाकवं आणि कान्हे यांच्या मधून इंद्रायणी जाते, आणि तिच्यावर पायी ओलांडण्यापुरताही पूल नाही. चार महिने नदी भरली की होडी बंद, आणि पलीकडचं गाव पलीकडेच राहतं. आदल्या श्रावणात सरूबाईची लेक विठा माहेरी बाळंतपणाला आली होती. दोन दिवस अडली. डोलीत घालून तिला नदीपर्यंत आणली, आणि पाणी उतरायची वाट बघत ती काठावरच गेली. आता सरूबाईच्या सुनेला दिवस गेले होते. आषाढात ती बाळंत होणार होती.

"मावशी," मी समजावू लागलो, "हे मत तसलं नव्हे. कागदावर पाच नावं असतात. त्यांतल्या एकापुढं फुली मारायची."

"येवडंच?"

"एवढंच."

सरूबाईनं सांडलेले चार दाणे वेचून पायलीत टाकले. मग म्हणाली, "त्यो कौल झाला, रावसाहेब. देवाला फुलं लावत्यात, उजवं पडलं का डावं पडलं. मत म्हंजी आपल्या मनात काय हाय त्ये."

शास्त्रीबुवांनी मान वर केली. एरवी एखादा विद्यार्थी चुकला की ते अशी मान वर करत. या वेळी चूक कुणाची होती ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "सरूबाई, तुझं मत पुन्हा एकदा सांग. सावकाश सांग."

तिनं सांगितलं, या वेळी लेकीचं आणि सुनेचंही. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवलं. वेदपाठ तोंडपाठ करणाऱ्या माणसाला चार वाक्यं म्हणजे काय.

मतदानाच्या दिवशी मी नियमाप्रमाणे सगळं मांडलं. टेबल, लाखेनं मोहोरबंद पेटी, दारात एक शिपाई. गुप्त मतदानासाठी कोपऱ्यात पडदाही लावला. पेटीत कागद एकच पडणार, तेव्हा तो कुणाचा हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, पण पडदा लावलाच पाहिजे असं पुस्तकात होतं. सकाळपासून मी आणि शिपाई एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो.

दुपारी टांगा आला. शास्त्रीबुवांचा मुलगा नोकरीला नगरला, म्हणून त्यांना हाताला धरून आणलं होतं सरूबाईनं. शिपायानं तिला बाहेर कडुनिंबाखाली बसवलं. आत यायचा हक्क फक्त मतदाराला.

मतदार आंधळा असेल तर केंद्रावरच्या अधिकाऱ्यानं त्याच्या सांगण्याप्रमाणे कागद भरायचा असा नियम होता. मी पडद्यामागं त्यांच्याजवळ बसलो आणि पाचही नावं वाचली.

"यांतलं कुणी टाकव्याला गेलंय का रे केशवा?"

"मला कसं ठाऊक असणार, गुरुजी?"

"तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. मग लिही." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, "टाकव्याच्या नदीला साकव पायजे."

माझा टाक हवेतच राहिला. "गुरुजी, असं नाही लिहिता येत. कागदावर फुलीशिवाय एक अक्षर जरी लिहिलं, तरी मत बाद होतं."

"होऊ दे की."

"पण तुमचं मत फुकट जाईल. तालुक्यातलं एकुलतं एक मत आहे. आणि तिकडं वाचणार कोण? बाद म्हणून बाजूला टाकतील."

"बाद करायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं," शास्त्रीबुवा म्हणाले. "तिचं मत आजपर्यंत कुणी बाद करण्यापुरतं तरी हातात घेतलंय का? बाद करणारा निदान वाचेल. लिही."

हस्ताक्षर माझं असणार होतं. नोकरी माझी होती, तीन लेकरं माझी होती. या म्हाताऱ्याला पदवी आहे, त्याचं कोण काय वाकडं करणार, असंही मनात आलं. हे मनात आलं होतं, म्हणून इथं लिहितो. पण मग खिडकीतून सरूबाई दिसली. ती कडुनिंबाखाली अगदी ताठ बसली होती, आणि आत आपलंच काम चाललंय अशा खात्रीनं कचेरीकडे बघत होती.

मी टाक बुडवला आणि लिहिलं, "टाकव्याच्या नदीला साकव पाहिजे."

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. त्यांचा हात माझा कान शोधत आला आणि त्यांनी तो पिरगळलाही. "ती पायजे म्हणाली. दुसऱ्याचं मत शुद्ध करून द्यायचं नसतं."

मी खोडून पुन्हा लिहिलं. त्यांनी पुढचं सांगितलं, तिच्या बोलण्यातलं एक अक्षरही इकडचं तिकडं न करता. "गेल्या श्रावनात माजी लेक ह्या काठाला मेली. डागदर त्या काठाला व्हता. सून आषाढात बाळंत हुनार हाय. सरूबाई, टाकवं बुद्रुक."

आयुष्यभर पाणिनीचे नियम घोकलेला तो माणूस तिचं एकेक अशुद्ध अक्षर जपून म्हणत होता. मला पुढची अक्षरं नीट दिसेनात. कागद घडी करून पेटीत टाकला तेव्हा तळाशी पडल्याचा आवाज स्पष्ट आला, कारण पेटीत दुसरं काही नव्हतंच.

पुण्यातून पंधरा दिवसांत खुलासा मागवला गेला. बाद मताचं कारण दफ्तरी नोंदायचं असतं, त्यामुळे तो सगळा मजकूर तिथं कुणीतरी उतरवून घेतला होता. मी खुलासा लिहिला की मतदाराने जे सांगितले ते मी लिहिले, आणि नक्की काय सांगितले ते कळावे म्हणून मजकूर पुन्हा जसाच्या तसा दिला. 'पायजे'सुद्धा. माझी एक वेतनवाढ रोखली गेली. बायकोनं महिनाभर तोंड वाकडं केलं, आणि तिचंही काही चुकलं नाही.

साकव काही झाला नाही. ज्येष्ठ लागला तशी शास्त्रीबुवांची सून अरुंधती स्वतः टाकव्याला गेली आणि नदीला पाणी चढायच्या आत सरूबाईच्या सुनेला तळेगावला घेऊन आली. कुणब्याची बाळंतीण शास्त्र्याच्या घरात, म्हणून आळीतली चार नाकं मुरडली. अरुंधतीनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. आषाढात मुलगी झाली, नदी दुथडी भरून वाहत असताना, आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता.

त्यानंतर भाद्रपदात कचेरीत दिल्लीहून एक लखोटा आला; बाद मताची नोंद टेबलाटेबलावरून तिथवर पोचली असावी. मी तो घेऊन तळेगावला गेलो. सरूबाई नातीला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती, आणि शास्त्रीबुवा शेजारी. मी वाचलं. मजकूर दोन ओळींचा होता. मतपत्रिकेवर लिहिलेले टाकवे बुद्रुक येथील सरूबाई यांचे म्हणणे मिळाले. सदर विषय या सभागृहाच्या कक्षेतील नाही.

"म्हंजी काय?" सरूबाईनं विचारलं.

"म्हणजे नाही म्हणाले, मावशी."

"त्ये कळलं. त्याच्या आदी काय म्हनले?"

"मिळालं म्हणाले."

"माजं नाव घिऊन म्हनले?"

"हो. सरूबाई यांचं म्हणणं मिळालं."

तिनं नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "मंग फुडची बारी कदी असती?"

"पाच वर्षांनी. पण मावशी, त्या यादीत तुमचं नाव नाही."

"नसंना. त्यांच्या कागदावर तर हाय," सरूबाई म्हणाली. "नाव कुटं लिवायचं ते त्यांनी बगावं. मी येनार हाय."