बुटक्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना, तीन पायांचा बुटका आहे. तसा मी लाकडी स्टूल. पण उंची जेमतेम दीड वीत, म्हणून घरात सगळे मला बुटक्याच म्हणतात. मोडक्या पलंगाच्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. माझी वेताची बैठक विणली ती माझ्या मालकीणबाईंनी. तेव्हा त्या वयाने लहान, नवशिक्या होत्या. एका कोपऱ्यात वीण अजून वाकडी आहे.

पुढे लोक फाटक्या खुर्च्या घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. बाई वेत भिजवत, माझ्यावर बसत, खुर्ची आडवी पाडून भोकाभोकांतून पट्टी ओढत. एक गिऱ्हाईक म्हणाले, "वीण अशी, की आमच्या सासूबाई बसल्या तरी हूं नाही की चूं नाही!" बाईंनी हसून मला थोपटले. "अर्धं श्रेय या बुटक्याचं."

मग बाईंचा खुबा झिजला. तो बदलायचे ठरले. दवाखान्यात निघताना त्या म्हणाल्या, "बुटक्या, जरा कळ काढ. तुझ्यावाचून माझं कुठं अडत नाही असं समजू नकोस."

शस्त्रक्रियेनंतर काही महिने खुबा फार वाकेल अशा ठेंगण्या आसनावर बसायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते मला पटले. मी टेबलाखाली, वेताच्या कात्रणांच्या डब्याशेजारी थांबलो. बाई उंच खुर्चीवरून मला म्हणत, "आलेच हं."

हाड भलतीकडे वाढू नये म्हणून त्यांना थोडे आठवडे गोळ्या होत्या. एके सकाळी बाईंनी गोळी त्या डब्यात टाकली. शेजारीणबाईंनी पाहिले.

"अगं, हे काय?"

"पोटात आग पडते. आता दुखतही नाही, मग कशाला?"

"मग डॉक्टरांना सांग ना!"

"सांगते गं, तू नको पाठी लागूस."

त्यांनी सांगितले नाही. रोज एक गोळी डब्यात पडत राहिली.

हळूहळू खुबा आखडला. चप्पल घालायलाही बाईंना वाकता येईना. एक दिवस लेकीने एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला.

"हे ढगासारखं दिसतंय ना, ते नवं हाड. सांध्याभोवतीच्या मांसात वाढलंय. पुन्हा कापून काढायचं म्हणतात. आई, गोळ्या सगळ्या घेतल्यास ना?"

"घेतल्या म्हणजे काय! एकही चुकवली नाही."

"मग हा बुटक्याच नडला. जन्मभर गुडघे छातीशी घेऊन बसलीस!"

मी बाईंकडे पाहिले. आता खरे बोलतील, असे मला वाटले. त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "असेल बाई."

मित्रांनो, आयुष्यभर मी त्यांचा भार पेलला. त्या दोन शब्दांचा भार मात्र मला पेलवला नाही.

लेकीने मला मागल्या दारी, मोडक्या कुंड्यांजवळ नेऊन ठेवले. खिडकीतून बाई म्हणाल्या, "जपून गं, वीण चांगली आहे." वीण चांगली आहे! एवढेच.

आता माझ्यावर मांजर झोपते आणि माझी वीण सैल पडत चालली आहे. पुढच्या आठवड्यात बाईंची दुसरी शस्त्रक्रिया आहे. नंतर पुन्हा गोळ्या द्यायच्या की दुसरा उपाय करायचा, हे ठरवण्यासाठी डॉक्टर विचारतील, "मागच्या वेळी गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?" बाईंनी पुन्हा "घेतल्या" म्हणत दोष माझ्यावरच ढकलला, तर गोळ्यांचा उपयोग झाला नाही असे डॉक्टर समजतील, उपाय चुकेल आणि हाड पुन्हा वाढेल.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी औषध घेत असेल, तर जवळ बसून मायेने विचारा. रागावू नका, रागावले की माणसे खोटे बोलतात. आणि कोणी माझ्या बाईंना भेटलात, तर एवढे सांगा: बुटक्याला घरात घेऊ नका हवे तर, पण डॉक्टरांना खरे सांगा.