तिच्या चालीने

पहिला व्हिडिओ ती घरापासून कोपऱ्यापर्यंतच बघू शकली. कोपऱ्यावर ड्रोन वळला, पडद्यावरची भिंत थरथरत सरकली, आणि तिने डोळे मिटून हात पुढे केला. नवऱ्याने पातेलं धरलं. बाहेर फारसं काही आलं नाही, कारण आत फारसं काही गेलंच नव्हतं.

"वळवलंत की हिसडलंत?" ती तोंड पुसत म्हणाली. "आणि इतक्या वरून कशाला? मी काय घार आहे?"

दुखणं डोक्यात चढल्यापासून तिला हलतं काही सोसत नव्हतं. खोलीतला पंखा बंद होता, टीव्हीवर चादर टाकली होती, आणि खिडकीचा पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून त्याने त्याला खालून कपड्यांचे चिमटे लावून ठेवले होते. आणि हिलाच आता रस्ता चालताना बघायचा होता. शिवणकारखान्यात ती कापडं बेतायच्या टेबलावर होती. लग्न झाल्यापासून एकाच वाटेने कामाला गेली: दार, कोपरा, पावाचं दुकान, कालवा, लोखंडी पूल, कारखान्याचं फाटक. जिना उतरायचं आता नाव काढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मला एकदा कामाला जायचंय."

त्याने जिन्याच्या दाराकडे पाहिलं.

"नुसतं बघायचंय हो. घाबरू नका."

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. ड्रोन होता मेहुणीचा. ती उंच इमारतींची छपरं कुठे गळतात ते ड्रोन उडवून शोधायची. तो मागायला गेला तेव्हा तिने कशाला म्हणून विचारलं नाही, लगेच काढून दिला. पण पहिल्या व्हिडिओचा निकाल कळल्यावर ती स्वतःच आली आणि स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्याची हजेरी घेतली.

"भावजी, सगळं ऑटोवर ठेवून उडवलंत?"

"मला काय कळतंय? बटण दाबलं, उडालं."

"म्हणूनच. भर उन्हात कॅमेरा आपल्या मनाने शटर झटकन मिटतो. मग प्रत्येक चित्र टाचणीसारखं टोकदार येतं. अशी टोकदार चित्रं एकामागे एक लागली की डोळ्यांना झटके बसतात. हात हलवून बघा डोळ्यांसमोर. बोटं मोजता येतात?"

त्याने हात हलवला. "नाही. पुसट दिसतात."

"तेवढं पुसट पाहिजे. त्यानेच एक चित्र पुढच्याला चिकटतं. सिनेमावाले सेकंदाला पंचवीस चित्रं घेतात, पण ताईला सिनेमा नकोय. आपण पन्नास घेऊ, म्हणजे वळताना आणखी मऊ येईल. शटर त्याच्या दुप्पट, शंभरावर, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग उघडं."

"मग ठेव शंभरावर."

"शटर हळू केलं की उजेड जास्त शिरतो, सगळं पांढरंफटक होतं. सकाळी लवकर उडवलं तर भागेल."

"मी लवकर जात नव्हते," आतल्या खोलीतून आवाज आला. "मला माझ्या वेळेचं ऊन पाहिजे."

मेहुणीने हसत पिशवीतून नखाएवढी काळी काच काढली आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसवली. "ही लावली की ऊन असलं तरी शटर शंभरावर राहतं."

"काय लावलंत?"

"गॉगल, ताई."

"त्याला गॉगल, आणि मला खिडकीत बसायचीसुद्धा बंदी!"

दोघं हसले. मग मेहुणी सिंकपाशी गेली आणि उगीचच एक धुतलेला पेला पुन्हा धुवत राहिली.

वळणाचं मात्र त्याच्या डोक्यात आधीपासून घोळत होतं. लिफ्ट चालू असताना कुणाच्या पोटात गोळा येत नाही. येतो तो सुटताना आणि थांबताना. त्याने तसं सांगितलं. मेहुणी म्हणाली, त्याचं सेटिंग आहे की, मला छपरावर कधी लागलं नाही एवढंच. ड्रोन हळूच सुटावा, हळूच थांबावा, कॅमेऱ्याची मान सावकाश फिरावी, असं तिने तिन्ही ठिकाणी अगदी कमीवर आणून दिलं.

सुट्टीच्या सकाळी ते दोघं रस्त्यावर उतरले. मेहुणी पुढे चालत लोकांना बाजूला करत होती, आणि तो मागून ड्रोन बायकोच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून नेत होता. तो व्हिडिओ कालव्यापर्यंत नीट चालला. पुढे पुलाच्या लोखंडी कमानीच्या सावलीत चित्र एकदम उजळलं, बाहेर येताच काळवंडलं. "दिव्याशी कोण खेळतंय?" म्हणत तिने पातेलं मागितलं. पुढच्या सुट्टीला त्यांनी उजेड आणि रंग दोन्ही आधीच बांधून टाकले, कॅमेऱ्याने वाटेत स्वतःचं डोकं चालवू नये म्हणून. तोवर तिचा एक डोळा अर्धाच उघडत होता. त्या सकाळी त्याचे अंगठे इतके जपून हलत होते, की रस्त्यात कुणी हाक मारली तरी त्याला ओ देता आली नाही.

घरी आल्यावर त्याने उशीला टेकवून फोन धरला. दार मागे पडलं. कोपरा लोण्यासारखा वळला. पावाचं दुकान आलं, गेलं. कालव्याचं पाणी एका बाजूने सरकत राहिलं. पूल आला, आणि त्याने नकळत पातेल्याकडे हात नेला. तिने मानेनेच नको म्हटलं. फाटक आलं, हळूच थांबलं.

मेहुणी दारात उभी होती. "ताई, काही झालं नाही ना?"

"नाही. छान आहे." तिने फोन जवळ ओढला. "पण हे चाललंय कोण?"

"म्हणजे?" त्याने विचारलं.

"ही माझी चाल नाही. मी कधी इतकी हळू गेले? मयताला निघाल्यासारखं चाललंय."

 मग तीच हसली. "तोंडं काय पाडताय? मी चांगलं आहे म्हटलं की. आता ते पळवा."

"पळवलं की झटके येतील. एवढं सगळं ते टाळायलाच तर केलं."

"येऊ देत."

"उलटी होईल गं."

"माझी होईल, तुमची नाही. पळवा."

त्याने फोनवर वेग वाढवला. भिंत धडधडत मागे गेली. कोपऱ्याला तिने चादर मुठीत धरली, पण डोळे मिटले नाहीत. पावाच्या दुकानाशी तिच्या कपाळावर घाम आला. पुलावर तिने त्याचा हात शोधला आणि इतका घट्ट दाबला, की इतकी ताकद तिच्यात कुठे उरली होती ते त्याला कळेना. फाटक आलं. "पोचले," ती म्हणाली, आणि मग पातेल्यावर ओणवी झाली. तो पाठ चोळत राहिला. चोळताना हाताला नुसती हाडं लागत होती.

त्यानंतर ती रोज कामाला गेली. रोज त्याच वेगाने. डॉक्टर रागावले, मेहुणी रागावली. तो नाही रागावला. पुढे दुसरा डोळाही उघडेनासा झाला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही बघा आणि मला सांगा." मग तो पलंगाच्या कडेला बसून फोनमध्ये बघत बोलायचा: दार, कोपरा, दुकान. बोलणं मागे पडायचं, रस्ता पुढे जायचा. ती मिटल्या डोळ्यांनी त्याला सुधारायची. "दुकानाआधी पाण्याचा नळ राहिला." "पुलाला पायऱ्या आहेत, एकदम वर कसे गेलात?" तिने सुधारलं की त्याला बरं वाटायचं. मग तो मुद्दाम चुकायला लागला.

एका दुपारी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने दार सांगितलं, कोपरा सांगितला. नळ वगळला. ती काही बोलली नाही. दमली असेल, असं त्याला वाटलं.

"हे पावाचं दुकान," तो म्हणाला, "उजव्या हाताला."

दुकान डाव्या हाताला होतं.

तो थोडा थांबला. फोनमधला रस्ता थांबला नाही. कालवा गेला, पूल चढला, उतरला.

"उजव्या हाताला, बरं का," तो पुन्हा म्हणाला.