क्लॅरीच्या मधाची बरणी

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा; तेव्हा नलरबॉरच्या माळावर शहाणा माणूस गाडी घालत नाही. पण आमच्या मुलीनं लग्न काढलं तेही फेब्रुवारीत, आणि तेही पार पलीकडे एस्परन्सला. आईबापांना उन्हात वाळवायची हौस, दुसरं काय. कॅरव्हानच्या दाराची कडी फडक्याशिवाय धरवत नव्हती, आणि कुठंही बघावं तर खुरटी झुडपं आणि सरळसोट रस्ता.

त्यात पुढे पश्चिमेच्या राज्याचा नाका. कीड-रोग पसरू नये म्हणून तिथून फळं, भाज्या, मध काही म्हणजे काही पलीकडे नेऊ देत नाहीत, आणि अन्न टाकायचं माझ्या बायकोच्या, ग्लेनिसच्या जिवावर येतं. म्हणून आदल्या दिवशी आम्ही नवराबायको पिशवीभर कांद्यांचं सूप प्यायलो, होते नव्हते तेवढे बटाटे उकडून खाल्ले आणि वर सफरचंदं. पुढं माझ्या पोटाचं जे झालं त्याचा बोलही मलाच लागला. असो. सगळं संपलं, अशा समजुतीत मी नाक्यावरच्या रांगेत गाडी लावली.

तपासणीला आलेली टेगन नावाची पोरगी आमच्या मुलीपेक्षाही लहान असेल.

"फळं, भाज्या, मध?"

"काही नाही," मी छाती काढून सांगितलं.

ग्लेनिस तीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आहे. तिला खोटं बोलता येत नाही, शेजारी बसून ऐकतासुद्धा येत नाही. ती गळ्यापासून वर लाल होत गेली.

"त्याच्या बुटात आहे," ती म्हणाली.

"कुणाच्या?" टेगननं विचारलं.

"याच्या. गमबुटात. डाव्या."

मी उतरून मागं गेलो. डाव्या गमबुटात माझा लोकरी मोजा, आणि मोज्यात क्लॅरीच्या मधाची बरणी.

क्लॅरी माझा मेव्हणा, ग्लेनिसचा भाऊ. लॉक्सटनजवळ मधमाश्या पाळायचा. मी कुठली गाडी घ्यावी इथपासून नकाशाची घडी कशी घालावी इथपर्यंत त्यानं मला जन्मभर अक्कल शिकवली. मध द्यायचा तर स्वतःचं रक्त काढून दिल्यासारखा, चमचा मोजून. गेल्या ईस्टरला तो त्याच्या शेडमध्येच गेला. ही त्याची शेवटची बरणी. तेव्हापासून रोज सकाळी मी टोस्ट पुढे करून ती मागायचो आणि ग्लेनिस माझ्या टोस्टवर मुरंबा फासायची. बरणीचं झाकण तिनं एकदाही उघडलं नव्हतं.

"नेता येणार नाही, काकू," टेगन म्हणाली. "या पेटीत टाका, नाहीतर इथेच खाऊन संपवा."

"मग मी येत नाही," ग्लेनिस म्हणाली. "नेव्ह, तू जा लग्नाला. मी बसते इथे."

"इथे म्हणजे कुठे? रस्त्यावर?"

"खुर्ची आहे ना घडीची."

"आणि मुलीला काय सांगू? आई मधाची राखण करते आहे म्हणून?"

"काय सांगायचं ते सांग. एरवी तुला बरं सुचतं."

मागच्या गाडीतून रॉइस नावाचा एक हडकुळा गृहस्थ गाजर चावत आला. त्याच्या बायकोनं त्याच्या हातात गाजरांची जुडीच दिली होती, आणि ती संपेपर्यंत त्याची सुटका नव्हती. "काय हो, अडलंय काय?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं बरणीकडे बघून टोपी काढली. मला तो माणूस तिथेच आवडला.

"पेटीतल्याचं काय करता?" ग्लेनिसनं टेगनला विचारलं.

"खोल पुरतात, काकू."

ग्लेनिसनं बरणी माझ्या हातातून घेतली. "एकदा पुरलंय मी त्याला," ती म्हणाली. "पुन्हा नाही." आणि तिनं स्वतःच झाकण फिरवलं.

मग काय, रॉइसच्या बायकोनं पाव काढला, मागच्या गाड्यांतली माणसं खुर्च्या घेऊन आली आणि कॅरव्हानच्या सावलीत पंगत बसली. उन्हानं मध पाण्यासारखा पातळ झाला होता. सगळ्यांच्या मनगटांवर ओघळ. टेगनला ड्युटीवर खाता येत नव्हतं, म्हणून ती नुसती वास घेत उभी राहिली. ग्लेनिस सगळ्यांना क्लॅरीच्या गोष्टी सांगत सुटली. एवढी ती वर्षभरात माझ्याशीही बोलली नव्हती.

"परकी माणसं एवढा मध हादडताना बघून तो पुन्हा मेला असता," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिला गाडीला धरून उभं राहावं लागलं. मग तिनं बरणी खरवडली आणि शेवटचा चमचा माझ्यासमोर धरला.

"घे. रोज जीव खात होतास ना माझा."

"नको. पोट भरलंय."

"तुझं? कधीपासून?"

"तू खा. नाहीतर रॉइसला दे."

"नेव्ह, काय झालं?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. क्लॅरीची मला फार आठवण येते, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्याशी भांडल्याशिवाय मला धड करमतसुद्धा नाही.

"खाल्ला तर संपेल गं," मी म्हणालो.

ग्लेनिसनं मला नीट निरखून बघितलं. आपल्यासारखाच आणखी एक वेडा आपल्या घरात राहतो, हे तिला बहुतेक तेव्हाच कळलं असावं.

"आ कर," ती म्हणाली.

एवढ्या लोकांसमोर, सत्तरीच्या वयात, मी आ केला.