स्टीलची चावी

“चावी मूळची नाही,” विनोदिनीने डोळ्यावरचं भिंग न काढताच सांगितलं.

समोर बसलेला विहंग हसला. “इतकंच ना, ताई? बाकी सगळं ओरिजिनल आहे ना? मग तेवढं सोडून द्या.”

घड्याळ विहंगच्या आजोबांचं, भय्यासाहेबांचं. सोन्याचं, स्विस, साठेक वर्षांपूर्वीचं. आजोबा वारल्यावर विहंगने ते विकायला काढलं होतं आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला प्रत्येक भाग मूळचाच असल्याचा दाखला हवा होता. असे दाखले देणं हेच विनोदिनीचं काम, त्यासाठीच ती त्यांच्या घरी आली होती. तबकडी, काटे, आतलं यंत्र, सगळं अस्सल होतं. फक्त कडेची, पीळ द्यायची चावी सोन्याऐवजी स्टीलची होती.

ती कोणी केली, हे तिला बघताक्षणीच कळलं. खाचा किंचित तिरक्या. कानशीने अशा खाचा पाडणारे उज्जैनमध्ये एकच, तिचे वडील विनायकराव. गोपाळ मंदिराजवळच्या त्यांच्या दुकानातच ती हे काम शिकली होती.

“नाही सोडता येणार,” ती म्हणाली. “ही माझ्या बाबांनी केलेली चावी आहे.”

“अच्छा!” विहंग पुढे सरकला. “म्हणजे सोन्याची त्यांनी ठेवून घेतली.”

“काय म्हणालात?”

“अरे ताई, नाराज नका होऊ. घड्याळ दुकानात गेलं तेव्हा सोन्याची, परत आलं तेव्हा स्टीलची. कारीगर लोकांचं चालायचं तेव्हा असं. मी कुठे रिपोर्ट करतोय? तुम्ही ओरिजिनल लिहून द्या, बात खतम.”

विनोदिनीची कानशिलं तापली. भैरवगढचा एक छपाईवाला दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायच्या आधीच वारला, तर ते परत द्यायला त्याच्या मुलाचं घर हुडकत भर उन्हात सायकलने गेलेला माणूस! त्याला हा पोरगा चोर म्हणत होता, वर त्या आरोपाचाच सौदा करत होता.

दाराजवळच्या खुर्चीत भय्यासाहेबांच्या पत्नी, माई, बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या आणि हातातल्या बांगड्यांशी चाळा करत होत्या.

“माई, तुम्हाला ठाऊक असेल. सोन्याची चावी कुठे गेली?”

“जुनी गोष्ट आहे गं. जाऊ दे ना.”

“नाही जाऊ देणार. तुमच्या घरात, तुमच्या समोर माझ्या बाबांना चोर म्हटलंय.”

माई खाली बघतच म्हणाल्या, “राम घाटावर गेली. ह्यांनी दक्षिणेवरून पंड्याच्या अंगावर हात उगारला, तोल गेला आणि मनगट पायरीवर आपटलं. चावी तुटून क्षिप्रेत पडली. गावात हसं होईल म्हणून हे कुणाला बोलले नाहीत. तुझ्या बाबांनाही गळ्याची शपथ घातली होती.”

विहंगने टाळी वाजवली. “चला, क्लिअर झालं! सॉरी हं, ताई. आता तर लिहाल?”

विनोदिनीने कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: ‘चावी मूळची नाही. स्टीलची आहे. मूळची तुटल्यावर विनायकराव घड्याळजी, उज्जैन, यांनी हाताने केली.’ खाली सही ठोकली.

“ह्याचं मी काय करू?” विहंग चिडला. “दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेईन मी.”

“घे. खोटं लिहिणारे खूप भेटतील तुला. पण बाबांचं नाव पुन्हा तोंडातून काढू नकोस.” दारात ती थबकली. “आणि माई, ह्याचा नाही आला इतका राग मला तुमचा आला. बाबांनी तुमच्या घराची अब्रू जन्मभर सांभाळली. तुम्हाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, तेही मी विचारेपर्यंत नाही बोललात.”



नानाखेड्याला ती घरी पोहोचली तेव्हा विनायकराव गॅलरीत बसले होते. आता त्यांना नीट दिसत नसे. पावलांवरून त्यांनी तिला ओळखलं.

“भय्यासाहेबांकडचं झालं काम? सगळं मूळचं निघालं?”

“हो. चावी सोडून.”

विनायकरावांनी चेहरा रस्त्याकडे वळवला.

“असेल,” ते म्हणाले. “पडली असेल कुठेतरी. इतक्या वर्षांत होतं असं.”

विनोदिनी त्यांच्याकडे बघत राहिली. पोटच्या पोरीलाही ते सांगणार नव्हते.

“माईंनी चहा दिला ना? मोठं घर आहे. आल्यागेल्याला तसंच पाठवत नाहीत.”

तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

“दिला ना,” ती म्हणाली. “चांगला आल्याचा.”

विनायकरावांनी समाधानाने मान हलवली.