कायदेबाईंचा अंगठा

लॅबमध्ये तिला सगळे कायदेबाई म्हणत. घरी नवराही म्हणायचा, पण ती ऐकत नाही याची आधी खात्री करून.

नवरा डिस्टिल्ड वॉटर बनवायचा. हॉस्पिटलची मोठी ऑर्डर दारात येऊन उभी होती, पण पाणी आधी लॅबमधून पास व्हायला हवं होतं, आणि तपासणार कोण, तर घरचीच कायदेबाई. तिने ते दोनदा नापास केलं. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले की पाणी पांढुरकं व्हायचं. म्हणजे क्लोराइड, म्हणजे कुठूनतरी मीठ शिरलेलं. बिचाऱ्याने सगळं यंत्र खोलून घासलं. इकडे इतरांचं पाणी धडाधड पास होत होतं. बायको आपला प्रामाणिकपणा नेमका माझ्यावरच गाजवते, असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने अबोला धरला. आता पाणी पुन्हा नापास झालं, तर थोरल्या भावाच्या हाताखाली राबणं नशिबी होतं. भाऊ तर आतापासूनच मिशीत हसत होता.

तिसऱ्या खेपेला तो लॅबच्या साहेबांची परवानगी काढून तिच्या शेजारीच उभा राहिला. बघूच हिचा कायदा.

तिने आधी दुसऱ्या कुणाचं तरी पाणी घेतलं. थेंब टाकले, परीक्षानळीच्या तोंडावर अंगठा दाबला, नळी उलटीसुलटी केली. पाणी स्वच्छ. मग त्याची बाटली उघडली. हात ॲप्रनला पुसले. पुन्हा पुसले. थेंब टाकून, अंगठा दाबून नळी हलवली आणि पाणी पांढुरकं झालं. तिचा चेहरा पार उतरला.

त्याचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. तिचा अंगठा घामाने चमकत होता.

अंगठ्याऐवजी बूच लावून बघ ना, असं तो हळूच म्हणाला. कायदेबाईंना कुणी शिकवलेलं खपत नसे. पण साहेब बघत होते. तिने धुतलेली नळी आणि काचेचं बूच घेतलं. त्याचंच पाणी पुन्हा ओतून थेंब टाकले, हलवलं. पाणी जसंच्या तसं स्वच्छ. तिने नळी उजेडात धरली, मग स्वतःचा अंगठाही उजेडात धरून पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"साहेब, पाणी पास," ती म्हणाली. "मागचे दोन रिपोर्ट माझ्या घामाचे होते."

साहेब खोकला आल्याचं दाखवत बाहेर गेले. नवऱ्याला आनंदाने नाचावंसं वाटत होतं, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. इतरांच्या वेळी हिचा हात कोरडा कसा? त्याने विचारलंच.

ती बूच पुसायला लागली.

"इतरांचं नापास झालं तर माझं काय जातं?"